तेराशे बारा पानांचा आनंद

सॉफ्टवेअरला किती बोलू द्यायचं, हे ठरवायची सोय सॉफ्टवेअरमध्येच असते. माणसांत ती नसते, म्हणून तर आपल्याकडच्या मीटिंगा लांबतात. देवासच्या औद्योगिक वसाहतीत ‘राजमुद्रा सिम्युलेशन्स’ नावाचं पाच खुर्च्यांचं ऑफिस होतं आणि अक्षदा तिथे तीन वर्षं सिम्युलेशनचं काम करत होती. लोखंडाचे सांगाडे, टाक्या, शेड कॉम्प्युटरवर उभे करायचे, त्यांच्यावर वारा सोडायचा आणि काय होतं ते बघायचं. सॉफ्टवेअरच्या बडबडीला सहा पायऱ्या होत्या. शून्यावर ठेवलं की ते मुकाट्यानं गणित करून शेवटी उत्तर तेवढं देई. एकवर ठेवलं की पार बंद पडतानाच तोंड उघडी. दोनवर धोक्याचे इशारे देई, तीनवर कुठवर आलो ते सांगे, चारवर कसं आलो ते, आणि पाचवर प्रत्येक आकड्याचं जन्मापासूनचं चरित्र ऐकवत बसे. अक्षदा नेहमी दोनवर ठेवायची. कामाच्या माणसानं दोनवरच ठेवावं. पण ऑफिस कामाच्या माणसाचं नव्हतं, राजवर्धनचं होतं.

राजवर्धन हा धारच्या भैयासाहेबांचा नातू. घराणं जुन्या दरबारातलं. दरबार जाऊन पाऊणशे वर्षं झाली, पण ही बातमी भैयासाहेबांच्या कानावर अजून कोणी नीट घातलेली नव्हती, कारण त्या घरात वाईट बातमी सांगायची पद्धतच नाही. तिथे दिवा विझत नाही, शांत होतो. भैयासाहेबांचा लाडका घोडा गेला तेव्हा घरातले सगळे आठ दिवस ‘घोडा विश्रांती घेतोय’ असंच सांगत होते, आणि भैयासाहेब आठही दिवस त्याच्यासाठी हरभरा भिजवायला लावत होते. नवव्या दिवशी त्यांनीच विचारलं, “विश्रांती कायमची का?” तेव्हा रघुजी कारभारी हात जोडून म्हणाले, “आनंद आहे, सरकार.” त्या घरात कुठल्याही प्रश्नाचं उत्तर हेच. बंगल्यात दरबार भरला, कागद वाचला गेला, की जमलेल्या सगळ्यांनी एका सुरात ‘आनंद आहे’ म्हणायचं, असा रिवाज होता.

तर या घरात वैभवीचं, म्हणजे राजवर्धनच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. अक्षय तृतीया, दुपारी बारा बावीसचा मुहूर्त, बंगल्यामागचं मैदान. कापडी मांडव भैयासाहेबांना हलका वाटला, म्हणून धामनोदच्या भूपेंद्रला लोखंडी मांडवाचं काम दिलं. दहा खांब, वर पत्र्याचं छत. भूपेंद्रचा अनुभव दांडगा. हायवेवरच्या निम्म्या ढाब्यांची छपरं त्यानंच चढवली होती. त्यातली किती अजून जागेवर आहेत, हे त्याला कोणी विचारलं नाही. राजवर्धननं मात्र डोकं चालवलं. “इंदूरवाले लग्नात ड्रोन उडवतात,” तो म्हणाला, “आपण मांडवाचं सिम्युलेशन करू.” भैयासाहेबांना इंग्रजी कागद चालत नसे, म्हणून सॉफ्टवेअरचे सगळे संदेश मराठीत आणायचं काम अक्षदाच्या गळ्यात पडलं. ते तिनं महिनाभर बसून केलं. राजवर्धन मराठी बोलायचा बरं, पण वाचायला घेतलं की त्याला घाम फुटायचा, त्यामुळे तपासलं कोणीच नाही.

अक्षदाचा जीव या मांडवात अडकला होता, त्याचं कारण वेगळं. तिचे वडील, ज्यांना घरीदारी सगळे भाऊच म्हणत, देवासच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मशीन शॉपचे फोरमन होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि घरात असे गप्प बसू लागले की नळ ठिबकला तरी उठून पाना घेईनात. एक गोष्ट मात्र त्यांना येत होती: मंगलाष्टकं. धार-देवासच्या मराठी घरांत भाऊंचा आवाज ओळखीचा होता. भैयासाहेबांकडून त्यांना नारळ-विड्याचं बोलावणं आलं आणि भाऊ पुन्हा उभे राहिले. नवी अचकन शिवायला टाकली. दोन्ही घराण्यांची नावं गुंफून स्वतः आठ कडवी रचली. सकाळी दाढी करता करता ती म्हणू लागले. असं घर अक्षदानं दोन वर्षांत बघितलं नव्हतं.

पहिल्यांदा सिम्युलेशन चालवलं तेव्हा बडबड दोनवर होती. पश्चिमेचा वारा ताशी ऐंशी किलोमीटरवर नेला आणि पडद्यावर ओळ आली: ‘इशारा. खांब क्रमांक चार. तळाची प्लेट उचलली जात आहे. बोल्ट अपुरे.’ वारा सत्तरवर आणला, ओळ गेली. ऐंशीवर नेला, पुन्हा आली. वैशाखात माळव्यात ऐंशीचा वारा काही नवलाचा नाही, वर्षातून एकदोनदा येतोच. अक्षदानं नकाशा उघडून बघितला. चार नंबरच्या खांबाच्या बुंध्याशीच ‘गायकमंच’ लिहिलेलं होतं. म्हणजे भाऊ.

इलाज अगदी सोपा होता. प्रत्येक प्लेटला भोकं आठ होती, भूपेंद्रनं बोल्ट चारच धरले होते. चार नंबरला आठ लावले की इशारा जात होता. तिनं राजवर्धनला बोलावून पडदा दाखवला.

“अक्षदाजी, हे इशारा-विशारा लग्नाच्या घरात नाही चालणार,” राजवर्धन म्हणाला.

“सर, मग चार बोल्ट वाढवायला सांगा. संपलं.”

“आणि आजोबासाहेबांनी विचारलं, का वाढवले? मग मी काय सांगू, की मांडव...” तो थांबला आणि त्यानं इकडेतिकडे बघितलं. “तुम्ही समझा ना. तो शब्द लग्नाआधी माझ्या तोंडातून नाही निघणार.”

त्यानं स्वतः पुढे वाकून दोनाचं शून्य केलं आणि पुन्हा चालवलं. पडदा स्वच्छ. “बघा, प्रॉब्लेमच सॉल्व,” तो म्हणाला, आणि खरंच मोकळा श्वास घेतला.

शून्यावरचा अहवाल भरला दोन पानं. तो धारला गेला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. भैयासाहेब दुखावले होते. “दोन पानं?” त्यांनी फोनवर नातवाला विचारलं. “आमच्याकडे घोड्यांच्या नालांचा अहवाल चाळीस पानी असे. मुलीच्या मांडवाची एवढीच कथा?” राजवर्धननं फोन ठेवला आणि अक्षदाला सांगितलं, “पाचवर टाका. जे काय बोलायचंय ते बोलू द्या त्याला.”

प्रिंटर दोन दिवस चालला. पानं झाली तेराशे बारा. आठशे सत्तेचाळिसाव्या पानावर वारा ऐंशीला पोचत होता आणि तिथून शेवटापर्यंत दर पानावर चार नंबरच्या खांबाचा इशारा होता. अक्षदानं ती चळत लाल कापडात बांधली तेव्हा तिला हलकं वाटलं. आता काही लपवलेलं नव्हतं, सगळं लेखी होतं. लिहून ठेवलं म्हणजे सांगितलं, असं मानणारे लोक ऑफिसाऑफिसात भरलेले असतात आणि अक्षदा इतके दिवस त्यांना नावं ठेवत आली होती. आता तीच त्यांच्यात जाऊन बसली, आणि दोन रात्री छान झोपली.

पाडव्याला धारच्या बंगल्यात दरबार भरला. गुढी उभारली, कडुनिंब झाला, पंचांगातलं वर्षफल वाचून झालं, आणि मग अहवालाचा लाल बस्ता ताटात घालून, हळदकुंकू लावून पुढे आणला. गुडघे धरत रघुजी उठले. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज मात्र खणखणीत. तेराशे पानं वाचणं शक्य नव्हतं, म्हणून जुन्या रिवाजानं पहिलं पान, शेवटचं पान आणि मधलं हाताला लागेल ते पान वाचायचं ठरलं. पहिल्या पानावर सॉफ्टवेअरचं नाव आणि तारीख होती. सभा म्हणाली, “आनंद आहे!” मधलं लागलं ते नऊशे तिसावं. रघुजींनी ते पंचांगातल्या पर्जन्यफलाच्याच चालीवर घेतलं.

“इशारा. खांब क्रमांक चार. तळाची प्लेट उचलली जात आहे. बोल्ट अपुरे.”

भैयासाहेबांनी मान डोलावली. “आनंद आहे!” शंभर माणसं एका सुरात म्हणाली. भाऊ पुढच्या रांगेत बसले होते. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर लागला. अक्षदा समोर बायकांच्या बाजूला बसली होती. उठून बोलावं असं तिला वाटलं. भाऊंचा चेहरा तिला दिसत होता, दोन वर्षांनी उजळलेला, आणि ती उठली नाही. शेवटच्या पानावरही तोच इशारा होता. तोही आनंदात पार पडला.

नंतर तिनं धीर करून भैयासाहेबांना गाठलं. “सरकार, तो चार नंबरचा खांब...”

“ऐकलं आम्ही, मुली,” भैयासाहेब प्रसन्न होऊन म्हणाले. “एकेका खांबाची विचारपूस केलीत. फार श्रम घेतलेत.” आणि त्यांनी तिच्या हातात नारळ ठेवला.

नारळ घेऊन ती व्हरांड्यात आली. रघुजी बस्त्याची गाठ मारत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, “अक्षदाबाई, तो खांब पडणार का?”

त्या घरात तो शब्द ऐकून ती दचकलीच. “तुम्हाला कळलं?”

“वाचलं ना मी. वाचणाऱ्याला कळतंच. ऐकणाऱ्यांचं मी काही सांगत नाही.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

“घोड्याचं तरी मी कुठे बोललो?” रघुजी म्हणाले. मग आवाज उतरवून, “साठ वर्षं काढली इथे. कागद मोठा असो की लहान, ऐकत कोणी नाही. कोण कुठे बसणार, एवढं मात्र सगळे कान देऊन ऐकतात. बघा काही जमतंय का.”

अक्षदाला तेवढं पुरलं. बैठकीचा नकाशा तिच्याच कॉम्प्युटरवर होता. देवासला आल्या आल्या तिनं गायकमंच उचलून सात नंबरच्या खांबाशी नेला आणि भैयासाहेबांची गादी आणून चार नंबरला टेकवली. कारण लिहिलं: मुहूर्ताच्या वेळी सरकारांच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये. धारहून तासाभरात पसंती आली. पुढच्या तासात राजवर्धन धावत तिच्या टेबलाशी.

“अक्षदाजी, चार नंबरवर आजोबासाहेब बसणार आहेत! ते दोनवालं लेव्हल लावा बरं. काय येतं बघा.”

“तेच येतं, सर. बोल्ट अपुरे.”

“मग हे आधी का नाही सांगितलं?”

“सांगितलं होतं. एकदा पडद्यावर, एकदा कागदावर चारशे सहासष्ट वेळा.”

“अहो, असं नाही सांगायचं,” राजवर्धन कपाळाला हात लावून म्हणाला. “नीट सांगायचं!”

त्याच दिवशी भूपेंद्रला चार नंबरला आठ बोल्ट लावायचा हुकूम गेला. अक्षदा स्वतःवर खूश झाली. आपण न बोलता काम काढलं, कोणाला दुखवलं नाही, भाऊंपर्यंत काही पोचलं नाही. त्या घराची रीत तिला इतकी चांगली जमली होती की आपल्याला ती जमली आहे, हेही तिच्या लक्षात आलं नाही.

लग्नाला तीन दिवस उरले असताना भूपेंद्रचा फोन आला. “मैडम, चार नंबर पे पूरे आठ बोल्ट ठोक दिए. अब हाथी बाँध लो.”

“छान. बाकी सगळ्यांना चार-चार आहेत ना?”

“हाँ जी. बस सात और आठ पे दो-दो हैं. वहीं के निकाल के तो चार पे लगाए. ये साइज इंदौर से आता है, अब लगनसरा में कौन जाए?”

“सात नंबरवर दोनच?” अक्षदाचा आवाज चढला. “अरे, तिथे माणसं बसणार आहेत!”

“अरे मैडम, वहाँ तो गाने वाले बैठेंगे,” भूपेंद्र तिची समजूत घालत म्हणाला, आणि फोन ठेवून दिला.

तिनं सात नंबरला दोन बोल्ट धरून वारा सोडला. ऐंशीपर्यंत जायची गरजच पडली नाही, पन्नासलाच इशारा आला. राजवर्धनला फोन लावला. तो मेंदीच्या गडबडीत होता. “सात नंबरवर कोण आहे?” त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. “अच्छा, मग लग्नानंतर बघू,” तो म्हणाला.

अक्षदा स्कूटी काढून सरळ घरी आली. दुपारचे चार वाजले होते. भाऊ नवी अचकन घालून आरशासमोर सहावं कडवं म्हणत होते.

“भाऊ, तुम्ही त्या मांडवात गायचं नाही.”

भाऊ वळले. तिनं सगळं सांगितलं. पहिला इशारा, शून्य, पाच, तेराशे बारा पानं, गादी, सात नंबर. कुठेही गोडवा लावला नाही. भाऊ अचकनीची बटणं तेवढी वरून खाली काढत गेले.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“पाडव्याच्या आधीपासून.”

“म्हणजे मी तिथे ओरडून आनंद आहे म्हणत होतो, तेव्हा तू...”

“समोरच होते.”

भाऊ खाटेवर बसले. “अक्षे, चौतीस वर्षं मी बोल्टच कसले. त्या घरात कोणाला कळलं नाही, ते सोड. पण हा इशारा कोणाला कळला असता, सांग. तुझ्या त्या साहेबाला? सरकारांना? आणि ज्याला कळला असता त्याच्या ताटात तू रोज पोळी वाढत होतीस.”

“तुम्ही इतके खूश होतात,” अक्षदा म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. “दोन वर्षांनी गात होतात. मला ते बंद करायचं नव्हतं.”

“मी काय भैयासाहेब आहे?” भाऊ म्हणाले. ते रागावले होते आणि त्यांचे डोळेही भरले होते. मग उठून अचकन खुंटीला लावली, माळ्यावरून पान्यांची पिशवी काढली आणि तिच्यावरची धूळ झटकली. “भोकं आठ आहेत म्हणालीस ना? मग बोल्ट आठ. सगळ्या खांबांना. असला बोल्ट काय देवासात मिळत नाही? मी कशाला आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेक धारच्या बसमध्ये होते. पायाशी बोल्टांची जड पोती होती. भूपेंद्र प्लेट बघत उभा राहिला आणि म्हणाला, “भिया, इत्ते की जरूरत नी है.” भाऊंनी त्याच्या हातात पाना दिला आणि फोरमनच्या आवाजात सांगितलं, “कस.” भूपेंद्र बसला आणि कसायला लागला. अक्षदा प्रत्येक प्लेटपाशी वाकून मोजत गेली. रघुजी लांबून बघत होते. वर कोणी विचारलं तर त्यांनी काय सांगितलं असेल, ते वेगळं लिहायला नको.

अक्षय तृतीयेला अंतरपाट धरला गेला, भाऊंनी पहिलं कडवं उचललं, आणि तिसऱ्या कडव्याला पश्चिमेचं आभाळ पिवळं झालं. वारा आला तो मैदानातली धूळ घेऊनच. झालरी उडाल्या, पत्रे थडथडले, अक्षता हातातल्या हातात राहिल्या आणि पाचशे माणसांनी वर बघितलं. भाऊंनी कडवं सोडलं नाही. एक हात सात नंबरच्या खांबावर ठेवून ते म्हणत राहिले. दहा मिनिटांनी वारा पडला. खांब होते तिथेच होते.

भैयासाहेबांनी गादीवरून प्रसन्न नजर फिरवली. लाल बस्ता देवघराच्या चौरंगावर फुलं वाहून ठेवला होता. “त्या अहवालाचा प्रताप,” ते म्हणाले. “काय, सगळं कुशल?”

“आनंद आहे!” सगळा मांडव गरजला. राजवर्धनही, भूपेंद्रही, रघुजीही.

भाऊ गप्प होते. पुढचं कडवं न उचलता ते बायकांच्या रांगेत अक्षदाला शोधत होते, आणि सापडल्यावर तिच्याकडे बघत थांबले. भटजी खाकरले. भैयासाहेबांनी भुवया उंचावल्या. अक्षदा उठून उभी राहिली.

“सातला आठ आहेत, भाऊ,” ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. “चारचा एक वाऱ्यानं सैल झालाय. आत्ता दिसतोय मला.”

भाऊंनी मान हलवली, अचकनीच्या खिशातून पाना काढला, आणि मंगलाष्टक थांबवून, पाचशे माणसांच्या देखत, भैयासाहेबांच्या गादीपाशी जाऊन खाली बसले.